गिरिस्थानातील भिंत आणि तिचा श्रोता

१

रस्त्यालगतच्या भिंतीवर काढलेल्या चित्राचा विचार सामान्यतः दोन अंगांनी केला जातो. चित्रकलेचा अभ्यासक त्यातील रेषा, रंग आणि रचना पाहतो. पर्यटनाचा विचार करणारा त्या चित्रामुळे गावात किती माणसे आली ते मोजतो. हे दोन्ही दृष्टिकोन आपापल्या ठिकाणी योग्यच आहेत. परंतु भिंतीवरील चित्र ही केवळ पाहावयाची वस्तू नव्हे. ते एक बोलणेही असते. कोणीतरी कोणालातरी उद्देशून ते केलेले असते. दालनात टांगलेल्या चित्रापुढे जाऊन उभे राहावयाचे की नाही हे पाहणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. भिंतीचे तसे नाही. ती येणाऱ्याजाणाऱ्याला वाटेत गाठते. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न या दोहोंहून निराळा आहे. तो असा की, ही भिंत कोणाच्या वतीने आणि कोणाशी बोलत आहे?

प्रस्तुत लेखात हा प्रश्न सातारा जिल्ह्यातील भिलार या गावाच्या संदर्भात उपस्थित करावयाचा आहे. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान वसलेले हे गाव स्ट्रॉबेरीच्या शेतीसाठी आणि स्वातंत्र्यसैनिक भि. दा. भिलारे गुरुजी यांचे गाव म्हणून पूर्वीपासून परिचित होते. ४ मे २०१७ रोजी तेथे महाराष्ट्र शासनाच्या ‘पुस्तकांचे गाव’ या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. गावातील राहती घरे व सार्वजनिक जागा मिळून २५ ठिकाणी सुमारे १५,००० मराठी पुस्तके ठेवण्यात आली, आणि त्या जागांच्या भिंती सुमारे ७५ चित्रकारांनी स्वेच्छेने रंगविल्या. थंड हवेच्या ठिकाणी भिंतींवरील चित्रे आणि पर्यटन यांची सांगड एका शासकीय योजनेने घालावी, आणि तीही मराठी पुस्तकाच्या निमित्ताने, असे उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही. त्यामुळे त्याची चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

परभणी जिल्ह्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. आपला जिल्हा मुख्यतः गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतील काळ्या मातीचा. जिंतूरजवळची नेमगिरी किंवा दक्षिणेकडील बालाघाटाच्या रांगा सोडल्या तर येथे डोंगर फारसा नाही आणि थंड हवेचे ठिकाण तर नाहीच. असे असले तरी हा विषय आपल्या दाराशी येऊन ठेपलेला आहे. भिलारच्या योजनेचा पुढे विस्तार करण्याचे ठरले तेव्हा नवेगाव बांध, पोंभुर्ले आणि अंकलखोप यांच्यासमवेत मराठवाड्यातील वेरूळचीही निवड झाली. वेरूळच्या शेजारी म्हैसमाळ हे मराठवाड्यातील थंड हवेचे ठिकाण आहे. म्हणजे भिलारच्या भिंतीचे गुणदोष आज नीट पारखले नाहीत, तर त्यांचीच पुनरावृत्ती उद्या आपल्या प्रदेशात होईल.

२

भिलारच्या भिंतींकडे वळण्यापूर्वी ज्या परिसरात त्या उभ्या आहेत त्या परिसराची भाषा समजून घेतली पाहिजे. महाबळेश्वराची दोन गावे आहेत असे म्हणता येईल. पहिले क्षेत्र महाबळेश्वर. तेथे पंचगंगेचे मंदिर आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तेथे मानला जातो. या गावाची भाषा यात्रेकरूची आहे. तीर्थ, कुंड, उगम, दर्शन हे तिचे शब्द. दुसरे गाव म्हणजे १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने वसविलेले ठाणे. त्याचे नावच ‘मालकम पेठ’ असे पडले. या दुसऱ्या गावाने डोंगराला निराळीच नावे दिली. सिंडोळ्याच्या टेकडीचा विल्सन पॉइंट झाला. कड्याच्या टोकाटोकांना आर्थर, एल्फिन्स्टन, लॉडविक, केट यांची नावे मिळाली.

या नामकरणाकडे केवळ परकीय सत्तेची खूण म्हणून पाहून भागणार नाही. त्यात एक सूक्ष्म भाषिक बदल आहे. ‘खिंड’, ‘टेकडी’, ‘माळ’, ‘पठार’ हे शब्द त्या भूमीवर वावरणाऱ्याचे आहेत. जमीन कशी आहे, तेथून कसे जाता येते, तेथे गुरे चरतात की नाही, याचे ज्ञान त्यांत साठविलेले असते. ‘पॉइंट’ हा शब्द मात्र जमिनीविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. जेथे उभे राहून दुसरीकडे पाहावयाचे ती जागा म्हणजे पॉइंट. भूमीचे नाव तेथे राहणाऱ्याच्या पायांवरून न ठरता पाहावयास आलेल्याच्या डोळ्यांवरून ठरू लागले, हे या बदलाचे मर्म होय. पुढे मराठीने हा शब्द इतका आपलासा केला की आता कोणत्याही थंड हवेच्या ठिकाणी सूर्यास्ताचा, प्रतिध्वनीचा, माकडांचा असे नाना तऱ्हेचे पॉइंट मराठी माणसेच निर्माण करीत असतात.

यावरून असे दिसते की गिरिस्थानातील सार्वजनिक अक्षर हे जन्मापासूनच पाहुण्याला उद्देशून लिहिलेले आहे. पाटी, फलक, नकाशा, उपाहारगृहाचे नाव या सर्वांचा श्रोता बाहेरचा. लँड्री आणि बूर्ही या अभ्यासकांनी १९९७ साली भाषिक परिदृश्याची, म्हणजे एखाद्या प्रदेशातील सार्वजनिक पाट्या व फलकांवर दिसणाऱ्या भाषेची, संकल्पना मांडताना अशा लेखनाची दोन कार्ये सांगितली: एक माहिती देण्याचे आणि दुसरे प्रतीकात्मक, म्हणजे त्या प्रदेशात कोणत्या भाषेला आणि भाषिक समाजाला कोणते स्थान आहे हे सुचविण्याचे. महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरात प्रतीकात्मक स्थान दीर्घकाळ इंग्रजीचे राहिले. या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे भिलारचे पहिले श्रेय स्पष्ट होते. ज्या डोंगरावर मराठी ही नोकरचाकरांची आणि बाजारहाटाची भाषा ठरली होती, तेथे एका गावाने मराठी पुस्तक हेच पाहावयाचे ठिकाण म्हणून पुढे ठेवले. ही गोष्ट लहान नाही. पुढील सर्व आक्षेप हे श्रेय मान्य करूनच घ्यावयाचे आहेत.

३

रोमान याकोब्सन याने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भाषाव्यवहाराचे सहा घटक सांगितले: वक्ता, श्रोता, संदेश, संदर्भ, संपर्क आणि संकेतव्यवस्था. यांपैकी ज्या घटकावर भर असेल त्यानुसार उक्तीचे कार्य बदलते. चित्रांकित भिंतीला ही मांडणी लावून पाहिली असता आपल्याकडील भिंतींचे काही स्वाभाविक वर्ग पडतात.

पहिले उदाहरण वारली चौकाचे. डहाणू-तलासरीच्या भागात लग्नघराच्या आतील भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघट देवी असते. येथे ‘लिहितात’ हे क्रियापद ध्यानात घेण्यासारखे आहे. चौक काढावयाचा नसून लिहावयाचा असतो. या चित्राचा वक्ता घर आहे आणि श्रोता देवता. पाहुणेमंडळी ते पाहतात हे खरे, परंतु ते त्यांच्यासाठी काढलेले नसते. लग्नकार्य आटोपले की त्याचे प्रयोजन संपते. पुढे जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या थोर चित्रकाराने १९७० नंतरच्या दशकात हीच रेषा कागदावर व कापडावर आणली आणि तिला जगभर मान मिळवून दिला. २०११ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. मशे यांच्या चित्रांत नवा वक्ता आणि नवा प्रेक्षक निर्माण झाला आणि ते त्यांनी जाणीवपूर्वक केले. परंतु त्यानंतर गावोगावच्या विश्रामगृहांच्या कुंपणांवर आणि स्थानकांच्या भिंतींवर त्याच त्रिकोणी मनुष्याकृती फेर धरून नाचताना दिसू लागल्या. तेथे देवता नाही, लग्न नाही आणि मशे यांच्यासारखा स्वतंत्र कलावंतही नाही. त्या आकृती आता फक्त ‘हे लोककलेचे आहे’ एवढेच सांगतात. संकेत शिल्लक राहिला, उक्ती संपली.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील. गोदाकाठच्या खेड्यांत लग्न ठरले म्हणजे घराला रंग दिला जातो आणि गावातील पेंटरला बोलावून दाराच्या दोन्ही बाजूंना गणपती, कलश, मोर काढून घेतात. त्याखाली ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ या उपाधींसह वधूवरांची नावे, लग्नाची तिथी आणि ‘सुस्वागतम्’ ही अक्षरे येतात. कलामूल्याच्या दृष्टीने या चित्रांत नवे काही नसते. परंतु उक्ती म्हणून ती परिपूर्ण आहेत. वक्ता कोण, श्रोता कोण, प्रसंग कोणता, हे सर्व त्या भिंतीवर स्पष्ट लिहिलेले असते. लग्न होऊन वर्षे लोटली तरी ती नावे ऊनपाऊस खात तेथेच राहतात, आणि पुढच्या लग्नाला त्यांच्यावर नवा रंग चढतो. या भिंतीचा श्रोता ‘पाहुणा’ आहे. हा शब्द प्राकृत ‘पाहुण’ या रूपातून आलेला असून मराठीत त्याला नात्याचा अर्थ चिकटलेला आहे. सोयऱ्यालाच आपण पाहुणा म्हणतो. उलट ‘पर्यटक’ या शब्दाच्या व्युत्पत्तीत चहूकडे हिंडणे एवढाच अर्थ आहे. पाहुण्याला घर असते, पर्यटकाला वाट असते.

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे. आज अनेक शहरांच्या वेशीवर आणि तळ्यांच्या काठी गावाच्या नावाआधी ‘आय लव्ह’ असे शब्द जोडलेली मोठी ठोकळ्यांसारखी अक्षरे उभी केलेली दिसतात. ‘लव्ह’च्या जागी बदामाची खूण असते. या खुणेचा उगम न्यूयॉर्क राज्याच्या पर्यटनासाठी मिल्टन ग्लेसर याने केलेल्या आणि १९७७ च्या मोहिमेत वापरलेल्या बोधचिन्हात आहे. या वाक्यातील ‘मी’ कोण? अक्षरे उभी केली नगरपालिकेने, पण बोलणारा ‘मी’ तिचा नव्हे. ते वाक्य आलेल्या प्रवाशाच्या तोंडी आधीच घालून ठेवलेले आहे. त्याने फक्त समोर उभे राहून छायाचित्र काढून घ्यावयाचे. येथे गाव बोलत नाही, ऐकतही नाही. ते केवळ कर्म होऊन बसते. ॲम्स्टरडॅम शहराने आपल्या संग्रहालयासमोरील अशीच प्रसिद्ध अक्षरे डिसेंबर २०१८ मध्ये हलविली. पर्यटकांची गर्दी आणि त्या घोषणेतील व्यक्तिवाद यांविषयीचे आक्षेप त्यामागे होते. ज्या वाक्यात गावाला बोलावयास जागा नाही ते वाक्य गावालाच अखेर नकोसे होते, असा याचा अर्थ घेता येईल.

या तीन उदाहरणांतून एक निकष हाती येतो. भिंत सुंदर आहे की नाही आणि तिच्यामुळे किती माणसे आली, याआधी पाहावयाचे ते असे: तिच्यावरील उक्तीत गाव वक्ता आहे काय? आणि गावातील माणसाने ती वाचावी असे तिच्यात काही आहे काय?

४

आता या निकषावर भिलारची भिंत तपासून पाहू. तेथील योजनेत प्रत्येक घराला एक वाङ्मयप्रकार अथवा विषय नेमून दिलेला आहे. कथा, कादंबरी, कविता, चरित्र-आत्मचरित्र, इतिहास, बालसाहित्य, संतसाहित्य, दिवाळी अंक असे विभाग घरोघरी वाटलेले आहेत आणि भिंतीवरील चित्राने त्या त्या विषयाचे सूचन करावयाचे अशी कल्पना आहे. म्हणजे ग्रंथालयातील कपाटावर जी विषयपट्टी चिकटविलेली असते तिचे काम येथे संपूर्ण भिंत करते. गावाची पुनर्रचना एका ग्रंथसूचीप्रमाणे झाली. ही कल्पना निःसंशय मनोहर आहे. गल्लीतून चालणे आणि सूची चाळणे या दोन क्रिया तिने एकत्र आणल्या.

परंतु याच ठिकाणी पहिली मर्यादाही दिसून येते. कादंबरी किंवा चरित्र यांसारखी अमूर्त गोष्ट रस्त्यावरून जाणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळावी अशी अट घातली म्हणजे चित्रकाराला सर्वपरिचित खुणांचा आधार घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. अशा चित्राचे पहिले कार्य निर्देशाचे. ते आपल्यापलीकडे, आतल्या पुस्तकाकडे बोट दाखवते. ज्या उक्तीचा सारा भार निर्देशावर पडतो तिच्यात काव्यात्म कार्याला, म्हणजे संदेशाने स्वतःकडेच लक्ष वेधून घेण्याला, वाव थोडा उरतो. चित्रकारांच्या कौशल्यात काही उणे आहे असा याचा अर्थ नव्हे. अडचण चित्रकाराची नसून त्याच्यापुढे ठेवलेल्या वाक्याची आहे. ‘येथे कथा आहेत’ हे वाक्य कितीही सुंदर अक्षरांत लिहिले तरी ते कथा होत नाही.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे आणि ती भाषेच्या अंगाने पाहिल्यावाचून लक्षात येत नाही. चित्राला भाषेची मर्यादा नसते, पुस्तकाला असते. पाचगणी-महाबळेश्वराला येणाऱ्या प्रवाशांत गुजराती, हिंदी आणि इतर भाषा बोलणाऱ्यांचा भरणा मोठा असतो. भिलारची भिंत या सर्वांना सारख्याच आपुलकीने बोलावते. पण आत गेल्यावर कपाटातले मराठी पुस्तक त्यांतील काहींशीच बोलू शकते. म्हणजे एकाच घराचे दोन श्रोते झाले: भिंतीचा श्रोता आणि कपाटाचा वाचक. ज्याला मराठी येत नाही, किंवा येते पण वाचण्यास सवड नाही, तो भिंतीपाशीच थांबतो, तिच्यासमोर छायाचित्र काढून घेतो आणि पुढच्या पॉइंटकडे जातो. त्याच्या दृष्टीने पुस्तकांचे गाव हाही एक पॉइंटच ठरतो. इंग्रजी अमदानीत ज्या शब्दाने डोंगराची जमीन पुसून टाकली, तोच शब्द येथे पुस्तकालाही गिळू पाहतो. हा धोका कल्पनेतला नाही. चित्रामुळे प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक ठिकाणी तो संभवतो.

असे असले तरी भिलारची भिंत आणि ‘आय लव्ह’ची अक्षरे यांना एका तागडीत टाकणे अन्यायाचे होईल. पहिल्या प्रकारात भिंतीने दिलेले वचन आत पाळले जाते. चित्र कवितेचे आश्वासन देते आणि दार उघडल्यावर कवितेची पुस्तके खरोखरच असतात. ती विनामूल्य वाचावयास मिळतात. या योजनेला वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाची प्रेरणा होती. तेथे रिचर्ड बूथ याने जुन्या पुस्तकांची दुकाने उभी केली आणि १ एप्रिल १९७७ रोजी स्वतःला त्या गावाचा राजा म्हणून घोषित करून जगाचे लक्ष वेधले. तेथील व्यवहार पुस्तकविक्रीचा आहे. भिलारमध्ये पुस्तक विकावयाचे नसून ते एका कुटुंबाच्या घरात बसून वाचावयाचे आहे. हा फरक मूलभूत आहे. विक्रेता आणि ग्राहक हे नाते दुकानाचे. यजमान आणि पाहुणा हे नाते घराचे. पर्यटकाला पुन्हा पाहुणा करण्याची शक्यता भिलारच्या योजनेत बीजरूपाने आहे आणि तीच तिची खरी शक्ती होय. दुर्दैवाने भिंतीवरील चित्र घराविषयी बोलत नाही. ते विषयाविषयी बोलते. हे घर कोणाचे, या घराने हाच विषय का पत्करला, यातील कोणते पुस्तक या घरातील कोणी वाचले, याचा उच्चार भिंतीवर झाला असता तर परभणीकडील लग्नघराच्या भिंतीप्रमाणे तीही परिपूर्ण उक्ती झाली असती.

५

तुलनेसाठी बाहेरची दोन उदाहरणे घेऊ. इटलीच्या सार्डिनिया बेटावर डोंगरात ओर्गोसोलो नावाचे मेंढपाळांचे गाव आहे. १९६९ साली तेथील चराऊ जमिनीवर लष्करी सरावाचे क्षेत्र करण्याचा घाट घातला गेला तेव्हा गावाने एकजुटीने विरोध केला. त्याच वर्षी एका नाट्यमंडळीने तेथे पहिले भित्तिचित्र काढले. पुढे १९७५ पासून फ्रांचेस्को देल कासिनो या चित्रकलेच्या शिक्षकाने आपल्या शाळेतील मुलांना बरोबर घेऊन भिंती रंगविण्यास प्रारंभ केला. या चित्रांवर मजकूरही पुष्कळ आहे. काही इटालियनमध्ये, काही गावाच्या सार्डिनी भाषेत. जमीन, अन्याय, युद्ध, गावचे जीवन हे त्यांचे विषय. ती चित्रे प्रवाशांसाठी काढलेली नव्हती. गाव आपसांत बोलत होते, आपल्या विरोधकांशी बोलत होते. प्रवासी नंतर आले, आणि ती चित्रे पाहण्यासाठीच आले. तेथे प्रवाशाच्या कानी दुसऱ्यांचे संभाषण पडते. तो श्रोता नसून आगंतुक साक्षी असतो; आणि त्यामुळेच ते ऐकण्यात त्याला गोडी वाटते.

दुसरे उदाहरण दक्षिण कोरियाच्या सोल शहरातील इह्वा या टेकडीवरच्या वस्तीचे. २००६ साली एका शासकीय कलाप्रकल्पात तेथील भिंती आणि पायऱ्या चित्रांनी नटविण्यात आल्या. वस्ती प्रसिद्ध झाली, गर्दी वाढली, गोंगाट वाढला. एप्रिल २०१६ मध्ये काही रहिवाशांनी पायऱ्यांवरील सर्वांत प्रसिद्ध चित्रे करड्या रंगाने पुसून टाकली. या कृतीला कलाद्वेष म्हणणे सोपे आहे. आपल्या निकषाने पाहता तो त्या रहिवाशांनी भिंतीवर उच्चारलेला पहिला शब्द होता. तोवर त्यांच्या पायऱ्या बोलत होत्या, परंतु त्यांच्या वतीने बोलत नव्हत्या.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, चित्राचा श्रोता कालांतराने बदलतोच. तेव्हा मूळ श्रोत्याचा एवढा आग्रह कशासाठी? अजिंठ्याची चित्रे आज जगभरचे प्रवासी पाहतात, ती काही त्यांच्यासाठी काढलेली नव्हती. आक्षेप बरोबर आहे. पण तो आपल्याच बाजूचा पुरावा आहे. अजिंठ्याच्या भिंती तेथे राहणाऱ्या भिक्षूंशी आणि उपासकांशी बोलत होत्या. सोळाव्या लेण्यातील वराहदेवाचा शिलालेख दाता कोण आणि हे काम कशासाठी, हे स्वच्छ सांगतो. वक्ता आणि श्रोता निश्चित होते म्हणूनच त्या उक्तीला वजन आले आणि ते वजन शतकांनंतर आलेल्या परक्यालाही जाणवते. जे प्रथमपासूनच कोणाही परक्यासाठी काढलेले असते ते पुढे कोणाचेच होत नाही.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे आणि तो अधिक गंभीरपणे घेतला पाहिजे. गावाला पर्यटकापासून चार पैसे मिळतात. त्यांच्या भिंतीवर काय असावे हे विद्यापीठातील अध्यापकाने का सांगावे? यावर उत्तर असे की, प्रस्तुत विवेचन पर्यटनाच्या विरुद्ध नाही. स्ट्रॉबेरीचे पीक हंगामी असते आणि डोंगरावरच्या कुटुंबाला दुसरे उत्पन्न हवेच. प्रश्न एवढाच की ते उत्पन्न टिकणार कशावर? महाबळेश्वरच्या डोंगरावर वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या पावसात भिंतीवरील रंग फार काळ टिकत नाही. ज्या दिवशी चित्र उडेल त्या दिवशी ते पुन्हा कोण काढणार, यावर ती भिंत खऱ्या अर्थाने कोणाची हे ठरेल. लग्नघराची भिंत घरचाच माणूस पुन्हा रंगवून घेतो, कारण बोलावयाचे त्यालाच असते. बाहेरून आलेल्या चित्रकारांनी प्रेमाने रंगविलेली भिंत फिकी पडल्यावर गावाने पुन्हा शासनाच्या योजनेची वाट पाहिली, तर ती भिंत गावाची झालीच नव्हती असे म्हणावे लागेल. आणि घरच्या मुलीने किंवा शाळेतल्या मुलांनी हाती कुंचला घेतला, तर पहिल्या चित्राहून कमी सफाईचे असे ते दुसरे चित्रच भिलारचे पहिले खरे चित्र ठरेल.

६

या विवेचनाचा आपल्या प्रदेशाशी असलेला संबंध आता थोडक्यात सांगावयाचा आहे. गावाविषयी उच्चारलेल्या एखाद्या शब्दाला पर्यटनाच्या काळात केवढे मोल येते याचा अनुभव परभणी जिल्ह्याने घेतलेला आहे. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी निधी देण्याची घोषणा झाली तेव्हा ‘साईबाबांचे जन्मस्थान’ या उल्लेखावरून वाद पेटला आणि १९ जानेवारी २०२० रोजी शिर्डीत बंद पाळण्यात आला. वादाचा विषय रस्ते किंवा निवास नव्हते. वाद एका सामासिक शब्दाचा होता. गावाच्या नावापुढे कोणता शब्द लागावा आणि तो लावण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा होऊ शकतो हे त्यावरून दिसून येते. त्या वादात सत्य कोणत्या बाजूला होते हे ठरविणे भाषेच्या अभ्यासकाचे काम नव्हे. त्याने एवढेच नोंदवावे की गावाला उद्देशून बोलणारे पुष्कळ होते. गावाने स्वतःचे वाक्य बनवावयाचे अजून बाकी आहे.

गंगाखेडला संत जनाबाईचे जन्मगाव म्हणून भाविक येतात, नेमगिरीला जैन लेण्यांसाठी येतात, चारठाण्याला जुनी देवालये पाहण्यासाठी अभ्यासक येतात. उद्या या गावांच्या भिंतीही रंगविल्या जातील, कारण भिंत रंगविणे हा आता विकासाच्या प्रत्येक आराखड्यातील स्वस्त आणि लवकर डोळ्यांत भरणारा भाग झाला आहे. त्या वेळी गंगाखेडच्या भिंतीवर जाते आणि दळणारी स्त्री येईल हे सांगावयास ज्योतिषी नको. ते चित्र खोटे असणार नाही. पण ते कोणाशी बोलेल? जनाबाईची ओळख नसलेल्या प्रवाशाला ते एक ग्रामीण दृश्य वाटेल. गंगाखेडच्या स्त्रीला त्यात नवे काही नसेल. याऐवजी त्याच गावातील बायकांच्या तोंडी असलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांच्याच बोलीच्या रूपांत, सांगणारणीच्या संमतीने आणि नावानिशी भिंतीवर लिहिल्या गेल्या तर? गावातली मुलगी आपल्या आजीची ओवी शोधीत त्या भिंतीपाशी थांबेल, आणि ती का थांबली हे पाहण्यासाठी प्रवासीही थांबेल. अशा भिंतीला पर्यटक मिळणार नाहीत असे समजण्याचे कारण नाही. उलट, ओर्गोसोलोचा अनुभव पाहता तेच अधिक संभवनीय आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे कामाला पुष्कळ वाव आहे. आपापल्या गावातील लग्नघरांच्या भिंतींवरील अक्षरांची छायाचित्रे व नोंदी घेणे, त्यांतील उपाधी, क्रियापदे, लेखनातील बोलीरूपे आणि नावांचा क्रम तपासणे, पेंटर मंडळींकडून त्यांच्या अक्षरवळणांची आणि कामाच्या पद्धतीची माहिती मिळविणे, हे काम फारशा खर्चाविना होण्याजोगे आहे. सिमेंटच्या घरांवर छापील कापडी फलक लागू लागल्यामुळे ही अक्षरे झपाट्याने कमी होत आहेत, म्हणून ते लवकर झाले पाहिजे. वेरूळला किंवा अन्यत्र भिंती रंगविण्याची वेळ येईल तेव्हा योजनाकारांच्या हाती केवळ रंगांची सूची न देता गावाच्या बोलण्याची अशी एखादी वही देता आली, तर भाषाविभागाने आपले काम केले असे म्हणता येईल.

भिलारने मराठी पुस्तकाला डोंगरावर घर मिळवून दिले, हे त्याचे श्रेय कायम राहील. त्या घराच्या भिंतीने पुस्तकाविषयी बोलून झाले आहे; आता तिने घराविषयी बोलावे. तसे झाले म्हणजे तिच्यासमोर उभा राहणारा पर्यटक छायाचित्र काढण्यापूर्वी क्षणभर थबकेल आणि आत कोण राहते, असे विचारील. त्या प्रश्नापासूनच तो पाहुणा होऊ लागतो.